गेममधला गुप्तहेर घडतो कसा?

रहस्यकथेचा वाचक गुप्तहेराच्या मागून चालतो. व्हिडिओ गेमचा खेळाडू गुप्तहेराच्या जागी उभा राहतो. या एका फरकामुळे नायक घडविण्याची सारी रीतच बदलते. कादंबरीतील गुप्तहेर वाचकापेक्षा चार पावले पुढे असला तरी चालते, किंबहुना तेच वाचकाला आवडते. गेममध्ये मात्र नायकाला उत्तर ठाऊक आणि खेळाडू अंधारात, अशी वेळ आली की खेळातील रस संपतो. त्यामुळे गुन्हेविषयक गेम-मालिकेचा नायक ठरविताना त्याच्या हुशारीइतकाच विचार त्याच्या मर्यादांचा आणि संभाव्य चुकांचा करावा लागतो.

मराठीची शिदोरी

एकाच नायकाच्या साहसांची मालिका मराठी वाचकाला नवी नाही. बाबूराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू पुस्तकामागून पुस्तकात वाचकांना भेटत राहिले. भा. रा. भागवत यांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा फुरसुंगीचा शाळकरी मुलगा. किडकिडीत अंगकाठी, सायकल आणि 'ट्टॉक' हा आवाज एवढ्या खुणांवर तो ओळखू येतो. पुढे तो दूरदर्शनवर आला आणि २०१७ मध्ये चित्रपटातही झळकला.

मालिकेच्या नायकाला अशा दोन-तीन ठळक खुणा लागतातच. गेममध्ये त्या नुसत्या दिसून भागत नाही, त्या खेळाडूच्या उपयोगी पडाव्या लागतात. नायक सायकलवरून फिरत असेल, तर अरुंद गल्लीतून त्याला वाट काढता आली पाहिजे आणि महामार्गावर तो मागेही पडला पाहिजे. स्वभावाचे रूपांतर नियमात झाले, की पात्र खेळण्याजोगे होते.

चार दशकांचे धडे

अमेरिकेतील इन्फोकॉम कंपनीचा 'डेडलाइन' हा गेम १९८२ मध्ये आला. त्यात चित्रे नव्हती, होता तो केवळ मजकूर. खुनाचा छडा लावण्यासाठी खेळाडूला बारा तास मिळत आणि घड्याळ सतत पुढे सरकत असे. जपानमध्ये युजी होरी यांनी १९८३ मध्ये 'पोर्टोपिया' प्रकरणावरील गेम रचला. त्यातील गुप्तहेर पडद्यावर दिसतच नाही. बोलतो तो त्याचा सहायक. नायक कोरा ठेवला की खेळाडू त्याच्या जागी सहज सामावतो, हे त्यातून दिसले.

याउलट 'पोलिस क्वेस्ट' (१९८७) कार्यपद्धतीवर उभा होता. त्याचे रचनाकार जिम वॉल्स हे कॅलिफोर्नियाच्या महामार्ग पोलीस दलातील माजी अधिकारी. गस्तीची गाडी तपासून न पाहता निघालेला खेळाडू तेथेच बाद होई. 'डिस्को एलिझियम'ने (२०१९) तिसरी वाट धरली. त्याच्या नायकाची स्मृतीच गेलेली असते. स्वतःविषयी त्याला जेवढे ठाऊक, तेवढेच खेळाडूला. शिवाय त्याची चोवीस कौशल्ये त्याच्या डोक्यात त्याच्याशी हुज्जत घालत राहतात.

लुकास पोप यांच्या 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'मध्ये (२०१८) नायक विमा निरीक्षक आहे. जहाजावरील ६० जणांचे काय झाले, हे त्याने नोंदवायचे असते. तीन जणांविषयीच्या नोंदी बरोबर ठरल्या, की मगच गेम त्यांवर शिक्कामोर्तब करतो. त्यामुळे अंदाजाने ठोकताळे बांधून फारसे साधत नाही.

अंबडचा नायक

महाराष्ट्रातील स्टुडिओही स्वतःचा नायक घेऊन जगापुढे जाऊ शकतो, हे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी'द्वारे २०२० मध्ये दाखविले. राजी ही योद्धा आहे, गुप्तहेर नव्हे. मराठी मुलखातील गुप्तहेर उभा करायचा तर त्याला आधी गाव हवे. उदाहरणादाखल नाशिकचे अंबड घेता येईल.

अंबडला एकीकडे औद्योगिक वसाहत आहे, शेजारी सिडकोची दाट वस्ती, जवळून जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग आणि थोड्या अंतरावर पांडवलेणीचा डोंगर. कारखान्यांचा दिवस पाळ्यांनी बांधलेला असतो आणि पाळी ही तपासाची आयती वेळपत्रिका ठरते. गेटवरील नोंदवही, हजेरीपत्रक, वजनकाट्याची पावती, भंगाराच्या व्यवहाराचा कागद हे येथील दुवे. दुसरी पाळी सुटल्यावर कोण आत राहिले, हा प्रश्न बोटांच्या ठशांइतकाच मोलाचा ठरतो.

अशा ठिकाणचा नायक पोलीस निरीक्षकच असावा, असे नाही. जळालेल्या गोदामाचा दावा तपासणारी विमा सर्व्हेअर येथे शोभून दिसेल. तिला साठ्याचे हिशेब मागता येतात, जागेची पाहणी करता येते. अटक मात्र करता येत नाही आणि कोणाच्या घराची झडतीही घेता येत नाही. पोलिसांना पटेल असा पुरावा जुळविणे, हाच तिचा मार्ग. अधिकार नसणे हीच खेळातील खरी अडचण होते.

कायद्याची चौकट

पाश्चात्त्य गेमचा शेवट अनेकदा कबुलीजबाबाने होतो. भारतात तेवढ्याने भागत नाही. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातील हे तत्त्व १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे. कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीवरून वस्तू हस्तगत झाली, तर त्या शोधाशी संबंधित तेवढाच भाग ग्राह्य धरला जातो. म्हणजे सुरा कोठे आहे हे वदवून घेणे पुरेसे नाही. तो पंचांसमक्ष सापडावा लागतो.

अटकेनंतर प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावे लागते. 'डेडलाइन'च्या बारा तासांसारखे घड्याळ कायद्यानेच येथे पुरविले आहे. झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करण्याची तरतूदही नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे.

चुकीचा आरोपी

नायकाची खरी कसोटी लागते ती तो संशय कोणावर घेतो यात. औद्योगिक वसाहतीत गुन्हा घडला, की भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या परप्रांतीय कंत्राटी कामगाराकडे बोट दाखविणे सर्वांत सोपे असते. त्याच्या बाजूने बोलणारे जवळ कोणी नसते. गेमने हा सोपा मार्ग खेळाडूपुढे ठेवावा आणि त्याची किंमतही दाखवावी.

फ्रॉगवेअर्सच्या 'क्राइम्स अँड पनिशमेंट्स'मध्ये (२०१४) शेरलॉक होम्स चुकीच्या माणसावर आरोप ठेवू शकतो आणि कथा तशीच पुढे जाते. 'एल. ए. नॉयर'मध्येही (२०११) आरोपी निवडताना खेळाडू चुकू शकतो. मालिकेला याहून पुढे जाता येते. पहिल्या भागात नाहक तुरुंगात गेलेला कामगार दुसऱ्या भागात पुन्हा भेटावा. त्याची नोकरी गेलेली असावी, खोली सुटलेली असावी. हव्या असलेल्या माहितीची किल्ली त्याच्याकडेच असावी आणि त्याने बोलण्यास नकार द्यावा.

नायक ठरविताना

- खेळाडूला ठाऊक नाही असे उत्तर नायकाला ठाऊक नसावे.
- खुणा दोन-तीनच असाव्यात. त्यांतील किमान एक खेळाच्या नियमात उतरावी.
- अधिकार आणि मर्यादा पहिल्या प्रकरणातच स्पष्ट व्हाव्यात.
- सहायकाने सूचना द्यावी, निष्कर्ष सांगू नये.
- अंदाजाने उत्तर गाठता येणार नाही, अशी रचना असावी.
- एका भागातील चूक पुढील भागाने विसरू नये.

यांतील शेवटची अट सर्वांत खर्चिक आहे, कारण प्रत्येक चुकीसाठी वेगळे प्रसंग आणि वेगळे संवाद लिहावे लागतात. तरीही ती टाळू नये. निरपराध माणसाला दोषी ठरविण्याचा परिणाम खेळाडूला भोगावा लागला, तरच पुढच्या वेळी बोट दाखविण्यापूर्वी तो गेटवरील नोंदवही पुन्हा एकदा उघडून पाहील.