ठाऊक असलेली चूक

इतिहास म्हटला कीं लढाया आणि तह डोळ्यांपुढें येतात. आजच्या हकीकतींत लढाई नाहीं. परंतु २०१६ सालीं यवतमाळच्या कापूसबाजारांत ज्याच्या खिशांत अँड्रॉइड फोन होता, त्याच्यापर्यंत ती पोंचली होती. या फोनच्या बुडाशीं लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, असतो. हेलसिंकीचे विद्यार्थी लिनस टोर्व्हाल्ड्स यांनीं तो १९९१ सालीं लिहावयास घेतला. यंत्राच्या स्मृतीचें कोणतें पान कोणास द्यावें, हें ठरविणें हें गाभ्याचें एक मुख्य काम होय.

या कामांत काटकसरीची एक युक्ति आहे. समजा, दारव्ह्याच्या एखाद्या कचेरींत जमिनीचा मूळ कागद आहे. वाचणारे दहाजण आले, तरी कारकून सर्वांपुढें तोच ठेवतो. कोणी त्यावर लिहूं म्हणाला, तरच त्याला नक्कल काढून द्यावयाची. खाडाखोड नकलेवर, मूळ निर्मळ. 'लिहितांना नक्कल' या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांचा 'काऊ' झाला, आणि त्यांतील चुकेस पुढें 'डर्टी काऊ' म्हणूं लागले. गाईला मळकट म्हणणारें हें नांव आमच्या वऱ्हाडांत कोणी ठेवलें नसतें!

चूक अशी. नक्कल तयार होतांच कारकून 'यास लिहावयाचें आहे' ही आपली टीप पुसून टाकी. नेमक्या त्याच क्षणीं अर्जदाराच्या जोडीदारानें ती नक्कल फाडली, तर कारकून पुन्हा कागद शोधी. टीप पुसलेली, म्हणून हा केवळ वाचणारा समजून मूळ कागदच पुढें करी. लेखणी तर उचललेलीच! अशा रीतीनें ज्यास फक्त वाचण्याचा अधिकार, तो मूळावर लिहून साऱ्या यंत्राचा धनी होऊन बसे.

ही फट टोर्व्हाल्ड्स यांना ठाऊक होती. ऑगस्ट २००५ मध्यें त्यांनीं ती बुजविलीहि. परंतु आयबीएमच्या एस-३९० या मोठ्या यंत्रांत पानावर लिहिलें गेल्याची खूण निराळ्या ठिकाणीं ठेवली जाई. तेथें ही दुरुस्ती चालेना, म्हणून ती लगेच मागें घेण्यांत आली. दोन क्रियांची अशी गांठ पडणें हें त्या वेळीं पुस्तकी भय वाटलें. गणिताच्या वर्गांत अशा शक्यतेस उपेक्षणीय म्हणतात. पण यंत्र न थकतां लक्षावधि वेळां प्रयत्न करतें, आणि यंत्रें तर वेगवान होत चाललीं होतीं. पुढें एस-३९० ची अडचण दूर झाली, तरी दुरुस्ती व्हावयाची राहिलीच.

२०१६ सालीं फिल ओस्टर हे आपल्या सर्व्हरवर येणारी वाहतूक टिपून ठेवीत असत. त्या टिपणांत त्यांना हल्लेखोराचें हत्यारच सांपडलें. जाणत्यांनीं कल्पिलेली चूक चोरानें सिद्ध करावी, हें मला या हकीकतींत सर्वांत बोंचतें. त्याच ऑक्टोबरांत टोर्व्हाल्ड्स यांनीं टीप पुसणें बंद केलें. नक्कल झाल्याची वेगळी टीप ठेवावी, आणि हातांतील पान नक्कलच आहे हें तिच्यावरील खुणेवरून ताडून मगच लिहूं द्यावें, असें ठरलें. बदललेल्या ओळी मोजक्याच होत्या.

तरीहि नोव्हेंबर २०१७ मध्यें बिंडेसीच्या संशोधकांनीं दाखविलें कीं, आकारानें मोठ्या पानांवर ती खूण केवळ वाचतांनाहि उमटूं शकते. तेव्हां दुरुस्तीची पुन्हा दुरुस्ती झाली. ज्या जुन्या फोनांना त्यांच्या उत्पादकांनीं नवी आवृत्ति पाठविलीच नाहीं, त्यांत मात्र ही फट तशीच राहिली.