लाल तेल, नव्वद नंबर आणि केजचा दसरा

ट्रकचं ऑइल बदलायचं म्हटलं की आपल्यासारख्या शहरी माणसाला फक्त इंजिन ऑइल आठवतं. गिअरबॉक्समध्येही तेल असतं आणि तेही म्हातारं होतं, हे आपल्या गावीही नसतं. मग ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल कधी बदलायचं, असा प्रश्न आला की आपण मॅन्युअल उघडतो, किलोमीटरचा आकडा बघतो आणि विषय संपवतो. पण तो आकडा आला कुठून? हे जरा खणून पाहिलं तर एक भलताच इतिहास हाती लागतो, आणि तो थेट बीड जिल्ह्यातल्या केजपर्यंत येऊन पोचतो. कसा ते बघू.

सुरुवात आपल्या बाजूने करू. जनरल मोटर्सने 1928 साली मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायचा कारखाना काढला. 1944 साली वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली. 1954 साली टेल्कोने डेमलर-बेन्झशी करार केला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक रस्त्यावर आले. 1986 मध्ये पुण्याच्या कारखान्यातून 407 आली. या सगळ्या प्रवासात ट्रकचा गिअर म्हणजे हाताचाच गिअर. जुने ड्रायव्हर डबल क्लच मारून गिअर टाकायचे, आणि गिअरबॉक्समध्ये असायचं जाड, घट्ट 'नव्वद नंबर'. या तेलाचं काम सोपं: दातांवर दात घासतात तिथे मध्ये पडून राहायचं. थोडं जुनं झालं, थोडं कमी पडलं तरी गिअरबॉक्स आधी आवाज करून सांगतो. मिस्त्री बोटावर तेल घेऊन चोळून बघतो, वास घेतो, चुरा लागतोय का पाहतो आणि निकाल देतो. दोन-तीन पिढ्यांचं हे शहाणपण कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही.

आता अमेरिकेत जाऊ. 1939 साली जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिलच्या पुढच्या वर्षीच्या मॉडेलसाठी 'हायड्रा-मॅटिक' नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला. दुसऱ्या महायुद्धात तोच एम5 स्टुअर्ट रणगाड्यात बसला. इथे तेलाची नोकरीच बदलली. इंजिनची ताकद पुढे पोचवणं, दाबाने क्लच दाबणं, वंगण देणं, उष्णता वाहून नेणं ही कामं तर आलीच, पण सगळ्यात नाजूक काम म्हणजे क्लचच्या प्लेटांना *नेमकं* घर्षण देणं. जास्त निसरडं झालं तर प्लेटा घसरून जळणार, कमी निसरडं झालं तर गाडी झटके देणार. हे तेल नुसतं वंगण नाही, तो मशीनचा एक सुटा भागच आहे म्हणा ना!

1949 मध्ये जनरल मोटर्सने या तेलाचं 'टाइप ए' हे स्पेसिफिकेशन काढलं. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात 'डेक्सरॉन' आलं. गळती झाली तर इंजिन ऑइलपासून वेगळं ओळखू यावं म्हणून या तेलांना लाल रंग देतात. आणि ते नेमकं घर्षण कुठून यायचं माहितीये? स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाच्या तेलातून! हो, समुद्रातला देवमासा मारून त्याचं तेल डेट्रॉइटच्या गिअरबॉक्समध्ये. 1970 साली अमेरिकेने या देवमाशाला धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत टाकलं आणि हा पुरवठा बंद झाला. मग रसायनशास्त्रज्ञांची धावपळ. नव्या पर्यायांपैकी एकाने तर कूलरचे सांधेच खायला सुरुवात केली, म्हणून तोही बदलावा लागला. आपल्या भाषेत सांगायचं तर लायब्ररी डेप्रिकेट झाली, नवीन व्हर्जनने भलतंच काहीतरी मोडलं, मग घाईघाईने पॅच.

या इतिहासातून मुद्दा असा निघतो की बदलाचा आकडा हा गिअरबॉक्सचा जन्मजात गुण नाही. तो तेलाच्या रसायनावर आणि गाडी तापते किती यावर ठरतो. खनिज तेलाला जो आकडा, त्याच्या कितीतरी पट चांगल्या सिंथेटिक तेलाला. आणि उष्णता हा खरा शत्रू. ठोकताळा असा की दर दहा अंशांना तेल सडण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. पुढे काही कार कंपन्यांनी 'लाइफटाइम' तेल म्हणायला सुरुवात केली. त्यावर झेडएफ ही खुद्द गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनीच सांगते की तेल बदला. मग लाइफटाइम म्हणजे कोणाचा लाइफटाइम? बहुतेक वेळा पहिल्या मालकाचा.

इथे केज येतं. बीड जिल्ह्यातला हा तालुका ऊसतोडीच्या पट्ट्यातला. दसरा-दिवाळी झाली की इथल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत हंगामभर तोड. माणसं, भांडी, पाचटाच्या खोपीचं सामान, कधी बैलंसुद्धा ट्रकमध्ये नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. तिकडे पोचल्यावर पुष्कळदा तीच गाडी ऊस वाहते.

आता या गाडीचं काम बघा. चिखलाच्या फडातून पहिल्या गिअरमध्ये भरलेली गाडी काढायची. मग कारखान्यापर्यंत थोडंसं अंतर. मग गव्हाणीच्या रांगेत तासन् तास: दोन हात पुढे, थांब, परत दोन हात पुढे. मीटर फारसा पळतच नाही! किलोमीटरच्या हिशोबाने गाडी आरामात आहे, पण जड ओझं आणि कमी वेग यात टॉर्क कन्व्हर्टर सगळ्यात जास्त तापतो. शिवाय अशा गाड्या अनेकदा दुसऱ्या-तिसऱ्या हाताच्या. म्हणजे जिथे 'लाइफटाइम' संपतं तिथे केजमध्ये गाडीचं आयुष्य सुरू होतं.

आज अशा गाड्या जवळपास सगळ्या हाताच्या गिअरच्याच, हे खरं. पण बदल निघालाय. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या सुमारास दिल्लीच्या लो-फ्लोअर बसमध्ये ऑटोमॅटिक आलं. व्होल्वोने 2001 साली आय-शिफ्ट काढला. 2014 च्या सेलेरियोने एएमटी मध्यमवर्गाच्या दारात आणून ठेवली. शहरात जे नवं ते काही वर्षांनी जुन्या बाजारातून तालुक्याला जाणार, हा आपला शिरस्ताच आहे.

म्हणून पहिली गोष्ट: 'ऑटोमॅटिक' म्हणजे नक्की काय ते ओळखा. एएमटी हा आतून हाताचाच गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर मशीन टाकतं. त्यात साधारणपणे गिअर ऑइल जातं. टॉर्क कन्व्हर्टरवाल्यात लाल तेल. त्यात सवयीने नव्वद नंबर ओतलं की गिअरबॉक्सचं काम तमाम. कॅन घेण्याआधी स्पेसिफिकेशन जुळवा, रंग जुळवून भागत नाही.

दुसरी गोष्ट: वेळ. मॅन्युअलमध्ये 'कठीण वापरा'चा वेगळा, कमी आकडा असतो, तो धरा. हंगामी गाडीला त्याहून सोपा नियम: दसऱ्याआधी तपासणी, आकडा हंगामात भरणार असेल तर बदल आधीच. तेल काळपट झालं, जळका वास आला तर थांबूच नका. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, आधी ते कुठून आलं ते शोधा.

तिसरी: पद्धत. गाडी थोडी चालवून तेल कोमट करा, सपाट जागेवर लावा, चाकांना ओट लावा. ड्रेन नट काढून तेल मोजून घ्या. पॅन आणि त्यातलं चुंबक पुसा. बारीक करडी पूड चालते, धातूचे तुकडे म्हणजे धोक्याची घंटा. फिल्टर आणि पॅकिंग नवं. मग जेवढं निघालं तेवढंच भरा. टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल आतच राहतं, त्यामुळे एका वेळेस पूर्ण बदल होत नाही. ब्रेक दाबून सगळे गिअर फिरवा आणि तेल गरम झाल्यावर कंपनीच्या पद्धतीने लेव्हल बघा. लेव्हल जास्त झाली तरी वाईटच, फेस येतो. वर्षानुवर्षं तेल बदललेलं नसेल तर दाबाच्या मशीनने फ्लश करू नका. झिजलेल्या प्लेटांचा गाळ उठून व्हॉल्व्हमध्ये अडकतो.

खर्च होतो, नाही असं नाही. पण दुसरी बाजू बघा. ट्रक हंगामात बसला तर मालकाचा हप्ता थकतो हे उघड आहे. पण त्याच्यामागे फडात तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं. टोळीची मजुरी टनावर, आणि उचल तशीच अंगावर. हाताच्या गिअरबॉक्सचं दुखणं केजच्या मिस्त्रीला बोटाने कळतं. लाल तेलाचं कळायला मात्र कॅनवरचं बारीक इंग्रजी वाचावं लागतं, आणि ते मराठीत लिहायची तसदी क्वचितच कोणी घेतं. तीस पानी रिलीज नोट्स लिहिणाऱ्या आपल्या मंडळींना एक पान मराठी लिहिणं अवघड नसावं. देवमाशाला वाचवायला कायदा लागला, टोळीचा हंगाम वाचवायला कदाचित तेवढं पानही पुरेल.