थेंबाची साक्ष

पाणी हलकें कीं जड, याचा निवाडा आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या डाळीनें आणि साबणानें केलेला आहे. ज्या पाण्यांत तुरीची डाळ शिजत नाहीं आणि साबणाला फेंस येत नाहीं तें जड, असें घरांतील कोणतीहि वडील बाई सांगेल. सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिकंबरानें खडकी गांवीं, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरांत, जमिनीखालून नहर खेळविली. त्या काळींहि पाण्याची पारख अशीच अनुभवानें होत असली पाहिजे. अशी पारख खोटी नव्हे. पण पाणी जड आहे एवढेंच ती सांगते, किती जड आहे हें सांगत नाहीं. हें ‘किती’ हातीं येण्यासाठीं रसायनशास्त्राला अनुमापनाची कला शोधावी लागली.

या कलेचा एक मोठा प्रवाह निघाला तो मात्र कापडाच्या धंद्यांतून. क्लोरीननें कापड पांढरें करण्याची युक्ति बर्थोले यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्यें दाखविली. परंतु द्राव फिका पडला तर कापड पिवळें राही, आणि तीव्र झाला तर सूतच कुजे. तेव्हां रुआं शहरच्या देक्रोआझील यानें १७९५ च्या सुमारास निळीचा द्राव घेऊन, विरंजक द्राव त्याचा किती रंग घालवितो हें मोजण्याची रीति प्रसिद्ध केली. पुढें गे-ल्युसाक यानें १८२४ सालीं ‘ब्युरेट’ आणि ‘पिपेट’ हीं नांवें रूढ केलीं. पण नीळ सर्वत्र सारख्या कसाची मिळेना. ज्या मापानें मोजावयाचें तेंच बदलूं लागलें, तर निवाडा कसचा? म्हणून १८३५ सालीं त्यानें निळीऐवजीं सोमलाचा द्राव घेतला. मार्गरीत यानें १८४६ सालीं पोटॅशियम परमँगनेटनें लोह मोजलें. १८५३ सालीं बुन्सेन आणि श्वार्त्स यांच्या हातून आयोडिनाचें अनुमापन स्थिर झालें. या सर्व क्रिया ऑक्सिडीकरण-क्षपणाच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीच्या. गंमत अशी कीं, इलेक्ट्रॉनाचा शोध लागला १८९७ सालीं. कारण कळण्याआधींच मोजमाप अचूक झालें होतें!

दुसरी शाखा जटिल संयुगांची. तिचा आरंभ लीबिग यानें १८५१ सालीं केला. सायनाइडाच्या द्रावांत चांदीचा क्षार थेंबथेंब सोडला तर एकेक चांदीचा कण दोन सायनाइडांच्या मिठींत विरघळून जातो. सायनाइड अशा रीतीनें गुंतून संपला कीं पुढच्या थेंबाला द्राव गढूळ होतो. पण सर्वांच्या उपयोगी पडेल असा पदार्थ सांपडण्यास जवळजवळ शतक लोटलें. ई.डी.टी.ए. हें आम्ल जर्मनींत १९३५ च्या सुमारास तयार झालें होतें. खेकड्यानें नांगींत धरावें तसें तें कॅल्शियम व मॅग्नेशियम यांना पकडतें. ज्यूरिकच्या श्वार्त्सेनबाख यानें १९४५ पासून या पकडीचें मापन केलें, आणि १९४८ सालीं एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक रंग त्याच्या जोडीला आला. द्राक्षासवासारखा लाल रंग निळा झाला कीं मोजणी संपली. बाटली हालवून साबणाचा फेंस टिकतो का हें पाहण्याची जुनी पद्धति त्यामुळें मागें पडली.

मराठवाड्यांत हें ज्ञान फार उशिरां पोंचलें असें नाहीं. मिलिंद महाविद्यालय १९५० सालीं निघालें, विद्यापीठ १९५८ सालीं. आज तेथें बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला ब्युरेट हातीं धरावीच लागते. शहराला नळाचें पाणी पैठणच्या नाथसागरांतून येतें, पण अनेक घरें विंधन विहिरीवर आणि टँकरवरहि अवलंबून असतात. येथला काळा पाषाण झिजतो तसे कॅल्शियम व मॅग्नेशियम पाण्यांत उतरतात. पन्नास मिलीलिटर पाण्याला ०.०१ मोलर ई.डी.टी.ए. दहा मिलीलिटर लागलें, तर लिटरमागें कठिणता २०० मिलिग्रॅम झाली. भारतीय मानकाची इष्ट मर्यादा हीच. दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पाणी शुद्ध करण्याच्या ब्लीचिंग पावडरीला आयोडाइड व थायोसल्फेट लावून विचारलेला प्रश्न तर रुआंचाच आहे: यांत क्लोरीन उरला किती? ओल लागलेल्या पोत्यांतील पावडर वजनाला पुरी भरेल, पण तिचा जोर गेलेला असेल. आणि तो न मोजतां टाकली, तर त्याचें मोल घरोघर लहान मुलांच्या आजारानें द्यावें लागेल.

म्हणून प्रयोगशाळेंत शेजाऱ्याच्या वहींतील आंकडा उतरून घेण्याची जी संवय दिसते, ती केवळ परीक्षेपुरती बाब नव्हे. विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबून राहावें लागूं नये, म्हणून ही कला जन्मली. एकाच चंबूवर गरीब-श्रीमंत, शिष्य-गुरु, कोणीहि उभा राहो, रंग त्याच थेंबाला पालटतो. उसना आंकडा लिहिणारा मनुष्य ही साक्ष सोडून पुन्हां कोणाच्या तरी शब्दाकडे परततो. आपल्या नळाचें पाणी मोजणाऱ्या तरुणानें शेवटचा थेंब स्वतः पाहावा, आणि दिसला तोच आंकडा लिहावा. तो अपेक्षेहून वेगळा आला, तर तोच अधिक जपून ठेवावा.