हाली आणि कलदार

हिमायतनगरात माझ्याकडे गणिताला येणाऱ्या पाचवीच्या मुलांना मी मुद्दाम निजामकाळातलं उदाहरण घालते: पुण्याला कलदार, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचे, 10 रुपये पाठवायचे, तर हाली, म्हणजे निजामाच्या राज्यातले, रुपये किती लागतील? 7 हाली म्हणजे साधारण 6 कलदार. त्रैराशिक मांडलं की 11 रुपये सुटतात, उरतो दोन-तृतीयांश रुपया. खरी मेख इथेच आहे. त्याचे आधी 10 आणे. मग उरल्या दोन-तृतीयांश आण्याच्या 8 पै, कारण आण्याच्या पै 12 आणि 12 ला 3 ने भाग जातो. मुलुखाबाहेर पैसे धाडणाऱ्या मराठी घरांना हा हिशेब चुकत नसे. निमकी-पाऊणकीच्या पाठांतराचं मला म्हणूनच फार मोल वाटतं. पुढे आणे-पै जाऊन 1957 मध्ये दशमान पैसे आले. हाली शिक्का 1959 मध्ये कायमचा बाद झाला.