नाव न कोरलेल्या हातांचा हक्क : सोनगीरचे तांबट ते कृत्रिम बुद्धिमत्ता

१/ धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने उत्तरेस निघाले की किल्ल्याच्या पायथ्याशी सोनगीर लागते. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी हे गाव खान्देशात पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. आपल्याकडे जुन्या हंड्या-कळशांवर नाव कोरलेले आढळते ते भांडे देणाऱ्याचे, घडवणाऱ्याचे नव्हे. कलावंतांच्या हक्कांचा आजचा वाद समजून घ्यायचा, तर या न कोरलेल्या नावापासून आरंभ करावा लागतो.

२/ तांबट पत्रा तापवून मऊ करतो आणि हातोडीने ठोकून त्याला आकार देतो. ठोक्यांनी धातू कणखर होतो. भांड्यावरील खुणा ही त्या श्रमाची साक्ष. पुढे कारखान्यातील भांड्यांवर याच खुणा यंत्राने उमटवल्या जाऊ लागल्या. श्रम गेला, त्याची खूण शोभेपुरती उरली. जनरेटिव्ह एआय चित्र, आवाज आणि शब्द यांच्या बाबतीत हेच करते. असंख्य कलाकृतींवरून ते शिकते. मोबदल्याचा प्रश्न मात्र मागे राहतो.

३/ हा प्रश्न नवा नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याने लेखक-संगीतकारांना हक्क दिला. गायक-नटांच्या सादरीकरणाला दिला नाही. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात चित्रपट संगीताच्या हक्कांचा खटला चालला, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकांची ही उपेक्षा संसदेने दूर करावी, असे सुचवले. १९७८ मध्ये देव आनंद यांच्याशी संबंधित खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने नटाचा अभिनय कायद्याच्या व्याख्येत बसत नसल्याचा निर्वाळा दिला.

४/ सुधारणा १९९४ मध्ये झाली. सादरकर्त्यांच्या व्याख्येत गायक, वादक, नर्तक यांच्यासह कसरतपटू आणि गारुडीही आले. २०१२ मध्ये व्यावसायिक वापराच्या स्वामित्वधनात त्यांना वाटा मिळाला आणि सादरीकरणाची विकृती रोखण्याचा अधिकारही.

५/ एआयच्या युगात मुंबई उच्च न्यायालय पुन्हा केंद्रस्थानी आले. जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांना आवाजाच्या कृत्रिम नकलेविरुद्ध अंतरिम संरक्षण मिळाले. निर्णय स्वागतार्ह आहेत. परंतु त्यांचा आधार आहे प्रसिद्धी. जो आवाज सर्वांना ओळखू येतो, त्याचीच चोरी सिद्ध करता येते. कोरसमधील गायिकेने काय करावे?

६/ तांबटाची स्थिती तर आणखी बिकट. त्याचे काम ‘सादरीकरण’ नव्हे. घाटाची डिझाइन म्हणून नोंदणी करावी, तर परंपरेने आलेला घाट ‘नवा’ ठरत नाही. नवा घाट नोंदवायचा राहिला, तर औद्योगिक प्रक्रियेने ५० हून अधिक प्रती निघताच स्वामित्वहक्क संपतो, असे कलम १५ सांगते. भौगोलिक मानांकन गावाच्या नावाला संरक्षण देते. कारागिराची मजुरी त्याच्या कक्षेत येत नाही.

७/ मग निनावी हातांना मोबदला मिळणार कसा? इतिहासात याचे एक उत्तर सापडते. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतील वादक-संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. रेडिओ आणि तबकड्यांमुळे प्रत्यक्ष वादनाची कामे जात होती. १९४४ च्या अखेरीपर्यंत मोठ्या कंपन्या नमल्या आणि विक्रीतील काही रक्कम संघटनेच्या निधीत भरू लागल्या. त्या निधीतून वादकांना सार्वजनिक मैफलींत काम मिळाले.

८/ येथे मोबदला केवळ तबकडीवर नाव असलेल्यास मिळाला नाही. यंत्रामुळे ज्यांचे काम गेले, त्यांनाही मिळाला. २०२३ मध्ये हॉलिवूडच्या लेखक आणि अभिनेत्यांनीही संपाच्या बळावरच एआयविषयीच्या अटी करारात लिहून घेतल्या. डिजिटल प्रतिकृतीसाठी अभिनेत्याची संमती आणि मोबदला ही त्यांतील एक.

९/ भारतात डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाने एक प्रस्ताव मांडला. त्यानुसार कंपन्यांना कलाकृती प्रशिक्षणासाठी वापरता येतील, निर्मात्यास नकार देता येणार नाही. मात्र एका मध्यवर्ती संस्थेमार्फत स्वामित्वधन मिळेल. सामूहिक वसुलीची ही कल्पना १९४२ च्या लढ्याशी नाते सांगते. फरक एवढाच, की येथे वाटा मिळेल तो हक्कधारकांना. आणि कायद्याच्या दृष्टीने तांबट हक्कधारक ठरणे कठीणच.

१०/ कायद्याने गायकाला ओळखायला १९५७ ते १९९४ अशी ३७ वर्षे घेतली. तेवढा काळ थांबण्याइतके हातोडे आता उरलेले नाहीत. त्यामुळे निधी उभारताना वाटपाचा नियम आरंभीच ठरायला हवा : वाटा नावाला की कामाला? नावाला ठरला, तर तो मोजक्या प्रसिद्धांच्या घरी जाईल. कामाला ठरला, तर त्यातील काही हिस्सा सोनगीरच्या भट्टीपर्यंत पोहोचू शकेल; परंतु त्यासाठी कारागिरांना संघटित होऊन वाटपाच्या बैठकीत जागा मिळवावी लागेल. १९४२ च्या वादकांनी ती मागून नव्हे, काम थांबवून मिळवली होती.