ज्वालापुरी ते टिकरी कलां : एका कृत्रिम पदार्थाचा इतिहास

दिल्लीच्या पश्चिमेस, रोहतक रस्त्याच्या बाजूला, ज्वालापुरी नावाची वस्ती आहे. टाकाऊ प्लास्टिकचा फार मोठा बाजार तेथे कित्येक वर्षे भरत असे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात तो आगीच्या भक्ष्यस्थानी पडला आणि पुढे हरियाणाच्या सीमेवरील टिकरी कलां येथे हलविण्यात आला. तेथे त्याला ‘पीव्हीसी मार्केट’ म्हणतात. ज्वालापुरी या नावात आणि त्या घटनेत योगायोगापलीकडे काही शोधण्याचे कारण नाही. पण एक प्रश्न विचारण्याजोगा आहे. पीव्हीसी हा सहजी पेट न घेणारा पदार्थ अशी त्याची ख्याती; मग त्याच्याच नावाचा बाजार का पेटावा? टिकरी कलांची गुदामेही आगीतून सुटलेली नाहीत. या प्रश्नाचे उत्तर त्या पदार्थाच्या जन्मकथेतच दडलेले आहे, असे आम्हांस वाटते.

जर्मन रसायनज्ञ ऑयगेन बाउमान याने १८७२ साली व्हिनिल क्लोराइड नावाचा वायू काचेच्या पात्रात उन्हात ठेवला, तेव्हा आत पांढरी भुकटी जमली. हेच ते बहुवारिक, म्हणजे एकाच घटकाच्या पुनरुक्तीने बनलेली लांबलचक साखळी. त्या साखळीत दर दोन कार्बन अणूंमागे क्लोरीनचा एक अणू असतो. वजनाने पाहिले तर शंभरात सुमारे ५७ भाग क्लोरीनच. याच क्लोरीनने पुढे सर्व यश दिले आणि सर्व अनर्थही.

पहिला अनर्थ कारखानदारांच्या वाट्याला आला. फ्रिट्झ क्लाटे याने १९१३ च्या सुमारास या पदार्थाचे पेटंट मिळविले. परंतु त्याला आकार द्यावयाचा तर १६० ते २०० अंशांपर्यंत तापवावे लागे, आणि शंभर अंशांच्या पुढेच तो विघटित होऊ लागे. मालकांनी पेटंट चालू ठेवण्याचे शुल्क भरणेही सोडून दिले. १९२६ साली अमेरिकेत वॉल्डो सेमन हा गृहस्थ रबर धातूला चिकटविण्यासाठी काही साधन शोधत होता. त्याने पीव्हीसी उच्च तापमानास उकळणाऱ्या द्रवात विरघळवून पाहिले, आणि हाती आला एक लवचिक, रबरासारखा गोळा. मृदुकारक मिसळण्याची युक्ती तेव्हापासून रुळली. दुसऱ्या महायुद्धात रबराचा तुटवडा पडल्यावर युद्धनौकांतील तारांवर हेच आवरण चढले.

उष्णतेने नेमके काय होते? साखळीत काही ठिकाणी क्लोरीनची पकड मुळातच सैल असते. तेथून एक क्लोरीन शेजारच्या हायड्रोजनास घेऊन हायड्रोजन क्लोराइडच्या रूपाने निसटतो. मागे कार्बनांत दुहेरी बंध राहतो, त्यामुळे लगतचा क्लोरीनही सैल होतो आणि तोही जातो. बाहेर पडलेले आम्ल उरलेल्यांना पळण्यास आणखी उत्तेजन देते. घरातील वडीलधाऱ्याने उंबरठा ओलांडताच एकामागून एक सारे बाहेर पडावेत, तसाच हा प्रकार. असे सात-आठ दुहेरी बंध ओळीने जमले की पदार्थ पिवळा दिसू लागतो, मग तपकिरी आणि शेवटी काळा. सरकारी निवासस्थानातील जुन्या पांढऱ्या पट्ट्या उन्हाच्या बाजूने पिवळ्या पडतात, तेथेही हाच व्यवहार चालतो. फक्त तेथे उष्णतेचे काम सूर्यप्रकाश करतो.

यावर उपाय म्हणून स्थिरकारक आले. त्यांत शिशाची लवणे सर्वांत जुनी व स्वस्त. सुटलेले आम्ल ती गिळून टाकतात आणि त्यातून होणारे शिशाचे क्लोराइड पाण्यात फारसे विरघळत नाही, वीजही वाहू देत नाही. म्हणून तारांच्या आवरणात शिशाला मोठाच मान मिळाला. जस्ताची तऱ्हा निराळी. सैल क्लोरीनच्या जागी ते अधिक पक्का गट बसविते, पण त्या व्यवहारात झालेले जस्ताचे क्लोराइड स्वतःच विघटनाला चिथावणी देते, आणि माल एकाएकी काळा पडतो. यासाठी त्याच्या जोडीला कॅल्शियम द्यावे लागते. कथिलाची सेंद्रिय संयुगे उत्तम, पण महाग. स्वस्त वस्तूची सवय जडलेल्या देशात यांपैकी कशाची निवड झाली असेल, हे सांगावयास नको.

आपल्याकडे पीव्हीसीची निर्मिती १९६१ साली मुंबईत चेंबूर येथे कॅलिको मिलच्या कारखान्यात सुरू झाली. दिल्लीच्या श्रीराम समूहाने त्याच दशकात राजस्थानातील कोटा येथे हा उद्योग उभारला. चुना व कोळसा यांपासून कॅल्शियम कार्बाइड, त्यापासून ॲसिटिलीन आणि त्यापासून व्हिनिल क्लोराइड, असा तेथील मार्ग. पुढे लोखंडी नळांची जागा करड्या पीव्हीसी नळांनी घेतली, आणि त्यांच्याबरोबर शिसे पाण्याच्या वाटेवर आले. शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते, हे तोवर वैद्यकाला माहीत झाले होते. हे प्रकरण कोपर्निकस मार्गावरील राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले. न्यायाधिकरणाने २०१७ साली मानके ठरविण्याचा आदेश दिला आणि २०२१ साली केंद्राने नळ व जोडण्यांतील शिशाच्या स्थिरकारकांविषयी नियम काढले.

आता आगीकडे वळू. कडक पीव्हीसी जळत राहावयाचे तर भोवतालच्या हवेत सुमारे ४५ टक्के प्राणवायू लागतो; पॉलिथिलीनला १७-१८ टक्के पुरतो. आपल्या हवेत २१ टक्के आहे. म्हणून पीव्हीसीची ज्योत काढून घेतली की ते विझते. तापताना सुटणारा हायड्रोजन क्लोराइड ज्योतीतील साखळी-अभिक्रिया तोडतो. अँटिमनी ट्रायऑक्साइड घातल्यास हा परिणाम अधिकच वाढतो. मात्र मृदुकारक हे बहुधा जळणारे तेलच. तारा, चपला, ताडपत्री मऊ करण्यासाठी ते जितके घालावे, तितका हा आकडा खाली येतो. टाकाऊ मालाच्या ढिगात तर मऊ पीव्हीसीच्या शेजारी पॉलिथिलीन, गोणपाट, कागद सारेच असते. ख्याती कडक पीव्हीसीची. जळतो तो मिश्र ढीग.

शिवाय न पेटणे म्हणजे निरुपद्रवी असणे नव्हे. क्लोरीन गमावलेली ती साखळी वळून बेंझीनसारखी वलये बनविते व त्यांतून दाट काळा धूर निघतो. हायड्रोजन क्लोराइड डोळे व श्वासनलिका जाळतो, म्हणजे जिना शोधण्याच्या वेळीच माणसाला आंधळे करतो. १३ जून १९९७ रोजी ग्रीन पार्कच्या उपहार चित्रगृहात ५९ माणसे गेली. तेथे रोहित्राच्या तेलाने व खाली उभ्या असलेल्या मोटारींनी पेट घेतला होता. त्या धुराचे खापर पीव्हीसीवर फोडणे योग्य नाही. पण ती माणसे ज्वाळांनी नव्हे, कोंडलेल्या धुराने गेली, ही गोष्ट या विषयाशी निगडित आहे. तारेची परीक्षा केवळ ‘पेटते की नाही’ एवढ्यावर थांबू नये, तिचा धूर व आम्ल मोजावे, हा आग्रह त्यातूनच येतो. दिल्ली मेट्रोच्या भुयारांत हॅलोजनरहित तारा वापरतात, तेही याचसाठी. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या टेबलावर इमारतींच्या निविदा येतात. तेथे ‘एफआर’ या अक्षरांपुढे ‘एलएस’, म्हणजे अल्प धूर, आहे की नाही, हे सही करण्यापूर्वी पाहावे. त्या दोन अक्षरांची किंमत दरपत्रकात दिसते, उपयोग जिन्यात कळतो.

जुनी तार मात्र निविदेत येत नाही. ती भंगारात जाते. आत तांबे असते, आणि ते काढण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे उघड्यावर जाळणे. राजधानीच्या सीमेवरील वस्त्यांत रात्री हे चालते, असे अनेकदा नोंदले गेले आहे. क्लोरीन, कार्बन आणि तांबे एकत्र जळाले की डायॉक्सिन नावाची अतिविषारी संयुगे बनतात. त्यांच्या घडणीला तांबेच उत्प्रेरक होते. जे आवरण जळत नाही, ते सोलून टिकरी कलांसारख्या बाजारात येते, दळले जाते व नव्या वस्तूंत मिसळते. १९९० च्या तारेत घातलेले शिसे त्या दळणात जसेच्या तसे असते. २०२१ च्या नियमांच्या नावात नळ आहेत, जोडण्या आहेत. तारेचे आवरण नाही.