शब्द एक, आघात तीन

स्पॅनिश भाषेंत ‘तेर्मिनो’ हा तीन अक्षरांचा शब्द आहे. अक्षर म्हणजे येथें लेखनांतलें चिन्ह नव्हे, तर एका झटक्यांत उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा. पहिल्या अक्षरावर जोर दिला कीं अर्थ होतो ‘शेवट’, दुसऱ्यावर दिला कीं ‘मी संपवितों’, तिसऱ्यावर दिला कीं ‘त्यानें संपविलें’. मराठी कानाला लघुगुरूची पारख असते. पण जोराची जागा हलतांच कर्ता आणि काळ दोन्ही पालटावे, हें त्यालाहि नवल वाटेल.

बोलतांना यांत अडचण नाहीं. अडचण येते ती कागदावर. १४९२ च्या ऑगस्टांत, कोलंबसाचीं गलबतें नुकतींच निघालीं असतां, सालामान्का येथें आंतोनियो दे नेब्रिहा याचें कॅस्टिलियन भाषेचें व्याकरण छापून निघालें. तें इसाबेला राणीस अर्पण केलेलें होतें, आणि त्याच्या पांच भागांपैकीं दुसरा भाग अक्षर, आघात व छंद यांचा होता. लॅटिन सोडून लोकांच्या तोंडच्या भाषेचें शास्त्र लिहावें, ही त्या काळीं धिटाईच होय.

पुढें १७१३ त माद्रिद येथें स्पॅनिश अकादमी स्थापन झाली. तिचें शुद्धलेखन १८४४ च्या राजाज्ञेनें शाळांतून सक्तीचें झालें. आजचा नियम थोडक्यांत असा: शब्दाच्या शेवटीं स्वर, ‘न’ किंवा ‘स’ असल्यास जोर उपान्त्य अक्षरावर, एरवीं अन्त्यावर. हा नियम मोडला, किंवा जोर त्याहून मागें गेला, तरच स्वरावर तिरकी रेघ. ‘न’ आणि ‘स’ यांनाच हा मान कां? नामाचें अनेकवचन ‘स’ लावून होतें, क्रियापदाचें ‘न’ लावून. ‘कासा’ म्हणजे घर, ‘कासास’ म्हणजे घरें. ‘हाब्ला’ म्हणजे तो बोलतो, ‘हाब्लान’ म्हणजे ते बोलतात. प्रत्यय लागला तरी जोर जागचा हलत नाहीं, आणि रेघहि लागत नाहीं. इतकी काटकसर फार थोड्या लेखनपद्धतींना साधली आहे.

शब्द तोडण्याच्या बाबतींत मात्र एकमत होणें कठीण. ‘नोसोत्रोस’ म्हणजे आम्ही. उच्चाराप्रमाणें त्याचे तुकडे नो-सो-त्रोस असे पडतात, पण घटकांप्रमाणें नोस-ओत्रोस; ओळीच्या शेवटीं अकादमीला दोन्ही मान्य आहेत. ‘आत्लेता’, म्हणजे कसरतपटू, हा शब्द स्पेनमध्यें बहुधा आत-लेता असा तुटतो, मेक्सिकोंत आ-त्लेता असा. तेथील नावात्ल भाषेंत ‘त्ल’ हा एकच ध्वनि आहे.

खरा वाद पेटला तो २०१० सालीं. ‘गियोन’ हा शब्द स्पेनमधील अनेक लोक दोन अक्षरांत उच्चारतात, आणि नियमाप्रमाणें त्याच्या अन्त्य स्वरावर रेघ देत आले होते. मेक्सिकोंत तो एका अक्षरांत उरकतो. १९९९ त दोन्ही लेखनें चालत. २०१० त अकादम्यांनीं मिळून ठरविलें कीं, उच्चार कसाहि असो, लेखनांत हा शब्द एकाक्षरीच मानावा आणि रेघ गाळावी. माद्रिदच्या माणसाला आपलीं दोन अक्षरें तोंडांत ठेवून कागदावर एक मोजणें भाग पडलें. ‘गियोन’ या शब्दाचा अर्थहि मोठा गमतीचा आहे: ओळ संपल्यावर शब्द तोडतांना घालावयाची आडवी रेघ.